ओढ्याच्या तोंडावरचे तीन दिवस

"चांगलं काय झालं ते मागून सांगा. आधी चुकलं काय, ते बोला," ओव्हरसियर विरुपाक्ष म्हणाले आणि मांडीवरची वही उघडून बसले.

समोर लिंबाच्या सावलीत दीडशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. पाझर तलावाचं दुष्काळी काम कालच पुरं झालं होतं. काम संपलं की सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय चुकलं ते विचारायचं, ही विरुपाक्षांची रीत. ते कुणावर डाफरत नसत, नुसतं लिहून घेत. मागच्या कामावर एका म्हातारीनं सांगितलं, म्हणून इथं तान्ह्या लेकरांसाठी छप्पर उभं राहिलं होतं.

त्र्याहत्तरचा वैशाख. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं.

गजराबाई बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती. धरणाच्या भिंतीत काळ्या मातीचे थर पडत, त्यांवर पाणी मारायचं काम तिचं. बाकीच्या बायका विहिरीवरून घागरी आणून हौद भरत आणि ही थर भिजवी. सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं. पदर खोचायची, सोडायची, परत खोचायची. शेजारी तिची सून चांगुणा पाय लांब करून टेकली होती. तिला नववा लागला होता.

"पुढचं काम येरमाळ्याच्या पल्याड निघालंय म्हणं," चांगुणा हळूच म्हणाली. "आत्याबाई, तितकं चालवंल का मला?"

"गप. साहेब काय म्हणतेत ते ऐक."

बब्रुवान उठून म्हणाला, टोपल्या लई फुटक्या होत्या. कमलबाई म्हणाली, प्यायचं पाणी दुपारीच संपायचं. विरुपाक्ष लिहीत होते. मुकादम पिराजी मात्र बसलाच नव्हता. या पायावरून त्या पायावर होत तो म्हणाला, "साहेब, झालं की आता. मागचं उकरून काय मिळणार? जाऊ द्या लोकांना घरी."

"बसा पिराजी. घाई नाही."

गजराबाईनं पदर पुन्हा खोचला. एकदा बोललं की परत गिळता येणार नव्हतं. आजवर तिच्या कामाला कुणी बोट लावलं नव्हतं. उद्या पाणवठ्यावर बायका काय म्हणतील? पिराजी तर पुन्हा कुठल्या कामावर उभं करणार नाही.

विरुपाक्षांनी वही मिटायला घेतली, तशी ती उठली.

"साहेब, मला बोलायचंय."

"बोला बाई."

"तुमी तीन दिस उस्मानाबादला गेल्ता बगा मिटिंगला. तवा ओढ्याच्या तोंडावर भराव चालला हुता. त्या तीन दिसांत म्या मातीवर पाणी मारलंच न्हाई. अंगात ताप हुता. हौदाच्या आडोशाला बसून ऱ्हायले. थर कोरडेच गेले."

लिंबाखाली एकदम गलका उठला.

"आमी ऊर फुटस्तोवर घागरी व्हायल्या आन् ही बसली हुती!" कमलबाई ओरडली.

विरुपाक्षांनी हात वर केला. ते उभे राहिले होते. "पिराजी, तुम्ही होता तिथं. तुम्हाला दिसलं नाही?"

पिराजीनं मान खाली घातली. "न्हाई साहेब."

"पहारी घ्या," विरुपाक्ष म्हणाले. "चला."

सगळी माणसं भिंतीवर चढली. ऊन मी म्हणत होतं. चौघं गडी खोदायला लागले. वरची माती दगडासारखी होती. पहार आपटली की खण्ण वाजायची, ठिणगी उडायची. गजराबाई डोळे मिटून उभी होती. कमरेइतका खड्डा झाला आणि बब्रुवानची पहार एकदम हातभर आत गेली. तो तोल जाऊन पडता पडता वाचला.

विरुपाक्ष स्वतः खड्ड्यात उतरले. मूठभर माती काढून त्यांनी हात उघडला. कोरडी, भुसभुशीत ढेकळं बोटांतून ओघळून गेली. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पहिल्या पुरात ही भिंत फुटली असती," ते म्हणाले. "आणि खालच्या वस्तीतलं एक माणूस हाती लागलं नसतं." मग गजराबाईकडं वळून त्यांनी हात जोडले. "बाई, चूक सगळ्यांची होते. सांगायला छाती लागते. तुमचं नाव हजेरीपटावर राहील. ओढ्याचा सगळा भराव उकरून परत घालायचा. महिनाभर तरी लागेल. उद्यापासून काम चालू."

माणसांचे चेहरे पालटले. मघाशी ओरडणारी कमलबाई येऊन गजराबाईच्या गळ्यात पडली. गजराबाई मात्र खड्ड्याकडं बघत मटकन खाली बसली. माणसं बोलत बोलत भिंत उतरून गेली, तरी तिला उठवेना.

पिराजी तेवढा मागं राहिला. इकडंतिकडं बघून तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"काकू," त्याचे डोळे भरून आले होते, "माझं पाप तुमी सोताच्या अंगावर घेतलं. साहेब परत यायच्या आत ओढा बुजवायचा हुता. तुमी बाया दुपारच्याला भाकरी खायला गेला, की म्या कोरडी माती नुसती लोटून घ्यायचो. ना पाणी, ना धुमसानं ठोकणं. वरचा थर तेवढा घट्ट करायचो. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई. तुमाला कसं कळलं?"

गजराबाईनं खाली लिंबाकडं पाहिलं. चांगुणा अजून तशीच टेकून बसली होती.

"मला काय ठावं, पिराजी," ती म्हणाली. "म्या तर तिन्ही दिस पाणी मारलं हुतं. हितलं काम संपू नये म्हणून खोटं बोलले."