मिकोलाची खुर्ची

टेबलाशी खुर्च्या पाच होत्या, आणि पाचवी मिकोलाची. परास्काचा नवरा मिकोला जाऊन चार वर्षं झाली होती. पण आज सहा जानेवारी, युक्रेनच्या जुन्या पंचांगातली नाताळची आदली संध्याकाळ. आज गेलेली माणसं घरी जेवायला येतात, त्यांचं पान मांडायचं असतं. सून लिंडाला ही भुताटकी वाटायची. म्हणून मिकोला गेल्यापासून अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या या घरात पान मांडलंच गेलं नव्हतं.

यंदा रोमन आपणहून म्हणाला, "आई, बारा पदार्थ कर. फक्त मासे नकोत." परास्काला देव पावला. पोराला बापाची आठवण झाली! तिने दोन दिवस खपून सगळं रांधलं. खसखस-मध घातलेली गव्हाची खीर मिकोलाच्या ताटात पहिल्यांदा वाढली आणि शेजारी मेणबत्ती लावली.

बेल वाजली. रोमनचा बॉस चंद्रशेखर आला होता. सोबत नागपूरहून आलेली त्याची आई, वसुधाबाई. एकाच पाहुण्याची तयारी होती.

"रोमन म्हणाला, तुम्ही प्युअर व्हेज," लिंडा दारातच हसत सांगत होती. "म्हटलं, सासूबाईंचा हा उपासाचा स्वयंपाक तरी कामाला येईल."

परास्काला आता मासे का नको होते ते कळलं. रोमनच्या प्लँटमधली माणसं कमी करणार होते, आणि कुणाला ठेवायचं ते हा चंद्रशेखर ठरवणार होता. अडला हरी म्हणतात तो असा. तिला पोराचा राग आला नाही. स्वतःचीच लाज वाटली, केवढी हुरळून गेली होती ती!

"अरे, हे पान कुणाचं?" वसुधाबाईंनी मुलाला मराठीत विचारलं. त्याने ते रोमनला इंग्रजीत विचारलं.

"तुमच्या आईंचंच," रोमन चटकन म्हणाला. त्याने मेणबत्ती विझवून बाजूला सारली.

परास्का त्याला कोपऱ्यात घेऊन आपल्या भाषेत कुजबुजली, "त्यांना माझी खुर्ची दे. मी स्टुलावर बसते."

"आणि त्यांना काय सांगू? की इथे मेलेला माणूस जेवतोय?"

"आज एकच दिवस येतो रे तो."

"बाबांना भूक लागत नाही, आई. मला लागते."

वसुधाबाई खुर्चीजवळ जाऊन उभ्या होत्या, बसायच्याच बेतात. परास्काने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना थांबवलं. आजच्या संध्याकाळी बसण्याआधी खुर्चीवर फुंकर घालायची असते. तिथे कुणी येऊन बसलेलं असलं तर ते चिरडू नये म्हणून.

"ऊठ, मिकोला," ती पुटपुटली. "पोराच्या नोकरीचं आहे."

गुडघ्यांवर हात टेकून ती वाकली आणि तिने फुंकर घातली. एकदा घालून भागेना, तिने पुन्हा घातली. मग पदराने टिपावेत तसे एप्रनने डोळे टिपले आणि खुर्ची पाहुणीसाठी मागे ओढली.

वसुधाबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. मुलाकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, "बघ रे, किती स्वच्छ बाई आहे. आपल्याकडे कोण खुर्ची झटकून देतं?"