वेंटची शिकवणी

बॅलरॅटच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल सामन्यात ट्रॅस्कने गुडघा घालून वेंटच्या बरगड्या मोडल्या, त्याचा खेळ कायमचा संपवला. ट्रॅस्क विसरूनही गेला. वेंट विसरला नव्हता. ट्रॅस्कचा उंचापुरा पोरगा कॅलम रकमनची शिकवणी मागायला आला, तेव्हा वेंट लगेच हो म्हणाला. पंचाने उसळवलेला चेंडू हवेतच आपल्या गड्यांकडे ढकलतो, तो रकमन. वेंटने हिवाळाभर कॅलमकडून एकच गोष्ट घोटवून घेतली: गुडघा समोरच्यावर रोखून झेप. शेवटच्या सरावाला ट्रॅस्क आला. "अजून कोंबडीसारखाच उडतोय की!" "मग तूच उभा राहा समोर," वेंट गोडीत म्हणाला. चेंडू त्याने ट्रॅस्कच्या डोक्यावर उंच उडवला. कॅलम झेपावला. बरगडी मोडल्याचा आवाज वेंटने डोळे मिटून ऐकला. "बाबा!" पोरगा रडकुंडीला आला. चिखलात पडलेल्या ट्रॅस्कने कळवळत त्याला मिठीत ओढलं. "शाब्बास! थेट बापावर गेलास!" वेंटकडे दोघांनीही बघितलं नाही.