एच की हेच

नॉर्दर्न आयर्लंडमधल्या ज्या खेड्यात मी डॉक्टरकी करतो, तिथे घरं शंभर आणि चर्च दोन. कॅथलिकांचा खाटीक वेगळा, प्रोटेस्टंटांचा वेगळा. मेंढरं मात्र एकाच डोंगरावर चरणारी. शांतता करार होऊन वर्षं लोटली, तरी यांच्या डोक्यातला कचरा काही निघत नाही.

माणूस कुठल्या बाजूचा हे ओळखतात कशावरून, तर इंग्रजीतल्या एका अक्षरावरून! 'एच' म्हणाला तर प्रोटेस्टंट, 'हेच' म्हणाला तर कॅथलिक. माझी रिसेप्शनिस्ट कॅथलिक. होणाऱ्या जावयाने फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगताना 'एच' म्हटलं, तेवढ्यावरून बाईने लेकीचं जमलेलं लग्न मोडलं.

रविवारी आमच्या लेकीने, वरदाने, मँचेस्टरहून तिच्या मित्राला जेवायला आणलं. देखणा, हुशार, सर्जन, शिवाय मराठी. बायको तर त्याला आग्रह करकरून वाढत होती. जेवताना मी त्याला हा सगळा प्रकार रंगवून सांगितला.

"एका अक्षरावरून माणसाची लायकी ठरवतात रे. रानटी लेकाचे!"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. कसाबसा म्हणाला, "काकू, जरा पानी देता?"

जेवणं झाल्यावर दोघं फिरायला बाहेर पडली. दार लागल्याबरोबर मी बायकोकडे वळलो.



"'पानी' म्हणाला, ऐकलंस ना? वरदाला आजच सांग, हे जमायचं नाही."