उलटं चिन्ह

प्रयोगशाळेतल्या छोट्या स्वयंचलित गाडीवर तोल साधायला उभी केलेली बाबांची काठी सकाळपासून कोसळत होती. इंजिनियर लेकीने पायरीपायरीने रचलेलं गणित कागदावर बिनचूक होतं. पण काठी डावीकडे कलली की गाडी उजवीकडे पळायची. अखेर तिने कपाळावर हात मारला. “बाबा, प्रोग्राममध्ये अधिक-उणेचं चिन्हच उलटं पडलंय! काठी पडेल तिकडेच धावून तिला खालून सावरायचं, तर गाडी लांब पळतेय.” “तुझ्यासारखीच,” खुर्चीतून बाबा म्हणाले. “सुतारकामाला जातो म्हटलं की तू माझ्या कारखान्याला कुलूप लावतेस.” मागे ते तिथेच घसरले होते. तिने चिन्ह बदललं. काठी कलली, गाडी तिच्याखाली धावली, काठी ताठ उभी. लेकीने पर्समधून कारखान्याची किल्ली काढली. “चला, रंधा मारा. मी शेजारी थांबते. काठी घ्या.” “राहू दे उभी,” तिच्या खांद्यावर हात टेकत ते उठले. “म्हातारपणाची काठी आहे की सोबत.”