काळ थांबवायची कळ

रेडिओवाली बाई माइक लावत होती आणि पलीकडे घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाच्या पोटात हात घालून बसले होते. नेमकं आजच त्यांना बोलावणं धाडायची सासूबाईंना काय नड होती, हे सुनेला कळेना.

ते घड्याळ म्हणजे घरातलं कायमचं दुखणाईत माणूस. आज बरं, उद्या आडवं. सासूबाईंच्या हट्टापायी टांगलेलंही इतकं खाली की येताजाता खांदा लागायचा. भंगारात द्या म्हटलं, की त्या म्हणत, “म्हातारं झालं म्हणून माणसाला देतं का कोणी?” घड्याळजी दर वेळी एकच निदान सांगत: धूळ. सून स्वतः ते रोज पुसायची, त्यामुळे हे निदान तिला वर्मी लागे.

सासरे होते तोवर त्यांचंही एक ठरलेलं होतं. घड्याळजी आले, की चपला पायात सरकवून ते फिरायला जात. ती ठोकाठोक कानात बसली की शब्द सुचत नाहीत, म्हणत. गीतकार माणूस, तेव्हा कुणी वाद घातला नाही.

त्यांचं ते गाणं तर पोराटोरांनाही पाठ होतं.

*केसांत माझ्या लपली सख्या, काळ थांबवायची कळ*
*तो थांबता तू येशी दारी, सरते सारी तळमळ*

काय ती कल्पना, म्हणून प्राध्यापकांनी लेखावर लेख पाडले. ज्या गायिकेनं ते गायलं, तिचे केस गुडघ्यापर्यंत. लोकांनी दोनात दोन मिळवले. अलीकडे तर गायिकेनंच मुलाखतीत लाजून सांगितलं, की आता लपवण्यात काय अर्थ आहे? तेव्हापासून लग्नाकार्यात बायका सासूबाईंकडे बघून ‘बिचारी’ म्हणत. सुनेचा जीव त्या एका शब्दानं जळे. आज सासूबाईंनी साऱ्या जगाला ऐकू जाईल असं ‘नाही’ म्हणावं, म्हणून तिनंच खटपट करून रेडिओवाल्यांना घरी आणलं होतं.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग बाईनं मुद्द्याला हात घातला. “आजी, ते गाणं त्या गायिकेसाठीच लिहिलं होतं का?”

घड्याळजींचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

सासूबाईंनी सैल झालेला अंबाडा चाचपला. त्यांच्या अंबाड्यात पिना म्हणून टिकत नसत. सून आणून आणून थकली होती. “हे कधी नाही म्हणाले नाहीत,” त्या म्हणाल्या. “मग मी कशी म्हणू?”

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं असेल तर यांना. फार मोठ्या मनाचा माणूस.”

बाईनं सुनेकडे पाहिलं. वय झालंय, असं त्या नजरेत होतं. मग आभार मानून तिनं वायरी गुंडाळल्या. घड्याळजींनीही काहीतरी बारीकसं सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि उठताना म्हणाले, “धूळच होती, वहिनी.”

“पुन्हा बसेलच,” सासूबाई म्हणाल्या.

दोघंही गेल्यावर सुनेचा बांध फुटला. “आई, एक ‘नाही’ म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? आता ती गायिका मिरवणार आणि तुम्ही जन्मभर बिचाऱ्या.”

“असू दे गं. यांनी एवढं सगळं अंगावर घेतलं, ते मी आता उघड्यावर टाकू?”

सुनेला वाटलं, नवऱ्याची लफडी झाकण्यातच या पिढीची हयात गेली. चरफडत ती कपबशा घेऊन आत गेली.

पुढचे काही दिवस घड्याळ गुणी बाळासारखं चाललं.

मग एके सकाळी बाहेरून गुणगुणणं आलं. तेच गाणं. हात पुसत सून दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. ‘केसांत माझ्या’ म्हणताना त्यांनी अंबाड्यातली पिन उपसली, घड्याळाचं दार उघडलं आणि सुईत दोरा ओवावा तितक्या सवयीनं ती आतल्या चाकांत सरकवली. टिकटिक थांबली.

दार लावून त्या वळल्या, सुनेला पाहिलं आणि जराही न गडबडता म्हणाल्या, “घड्याळजींना निरोप धाड गं. पुन्हा धूळ बसली वाटतं.”