शिकागोची लिफ्ट

हॉलंडमधल्या स्लोटरडाइकच्या बैठ्या ऑफिसात बसून मंजूषा शिकागोतल्या एका गगनचुंबी इमारतीच्या लिफ्टला माणसांचं बोलणं शिकवत होती. लिफ्ट मात्र अडेलतट्टू. आज शेवटची चाचणी होती. फसली तर नोकरी जाणार, आणि नोकरीमागोमाग हॉलंडात राहायचा परवानाही.

"आपल्या ऑफिसला साधा जिना नाही, आणि तू निघालीस शिकागोला वर चढवायला!" शेजारच्या टेबलावरून सारंगने चिडवलं.

"बघच आता," म्हणत तिने माईकमध्ये हुकूम सोडला.

पडद्यावरची लिफ्ट सुसाट ढगांत घुसली आणि दुसऱ्या हुकमाला गरिबासारखी खाली आली. शिकागोवाले टाळ्या पिटायला लागले. इथल्या डच साहेबाने तर टेबलाभोवती फेरच धरला.

मंजूषाचा आनंद गगनात मावेना. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे अंगवळणीच पडलेलं, म्हणून माईक बंद करायच्या आधी ती लाडात येऊन म्हणाली, "चला, येते हं!"

लिफ्टने तोही हुकूमच मानला; तिकडे तिचं दार मिटलं. मजल्यांचा आकडा शून्यावर आला, शून्याखाली गेला, आणि उतरतच राहिला.

मग कॉफी मशीनमागच्या कोऱ्या भिंतीत टिंग वाजलं. भिंत मधोमध सरकली.

"मंजू, नको गं," सारंग पुटपुटला.

"का? माझं ऐकते ती!" पदवी घ्यायला निघाल्यासारखी ती ताठ मानेने पुढे झाली.

आत अंधार होता. त्या अंधारात कुणीतरी जरासं सरकून तिला जागा करून दिली.