बसते म्हणजे आपलीच

जुन्या केबलचे टोक संगणकाच्या नव्या पॉवर सप्लायमध्ये खट्कन बसले आणि कालेर्वोने समाधानाने मान डोलावली. जुना पॉवर सप्लाय जळाला होता. त्याच्या केबली मात्र त्याने लांबीप्रमाणे लावून, गुंडाळून जपल्या होत्या. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून त्याने एकही वायर फेकलेली नव्हती.

टेबलावर दोन हार्ड डिस्क जोडणीची वाट पाहत होत्या. कॅनडातल्या थंडर बे शहराच्या फिनिश सभागृहात शनिवारी होणाऱ्या नाचांचे सारे जुने ध्वनिमुद्रण त्यांत होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती. संध्याकाळी सभागृहाचा वर्धापनदिन होता आणि तेथे वाजायचे होते ते हेच.

त्याची बायको इर्मा कॉफी घेऊन आली. नव्या यंत्राला जुनी केबल कशी चालेल, असे तिने विचारले. बसते म्हणजे आपलीच, असे तो म्हणाला.

"माझ्या बहिणीचा कोट मला बसतो," इर्मा म्हणाली. "पण खिशातून निघतात तिच्या सिगारेटी. आधी ती मेलेली डिस्क लावून बघ."

वाचता न येणारी एक डिस्क वर्तमानपत्रांवर वजन म्हणून ठेवलेली असे. बायकोचे मन राखावे म्हणून कालेर्वोने ती जोडली आणि बटण दाबले. बारीक तडतड झाली. डिस्कमधून धुराची एक रेघ सरळ वर गेली.

त्याने घाईने वीज बंद केली. टेबलावरच्या दोन्ही डिस्क त्याने आधी लांब सरकवल्या. मग वर्गात शिकवावे तशा आवाजात त्याने सांगितले, की सप्लाय बनवणाऱ्यांनी केबलीचे तोंड एकसारखे ठेवले आहे, तारांचा क्रम मात्र ज्याचा त्याचा. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले.

"सिगारेटी," इर्मा म्हणाली.

आधी तो हसला, मग ती. कॉफी बशीत सांडली.

नव्या सप्लायची स्वतःची केबल त्याने 'जादा' म्हणून खोक्यातच बंद करून तळघरात ठेवली होती. ती आणली. या वेळी त्याने एकेका टोकाचा विजेचा दाब मीटरने मोजला, वीज बंद केली आणि मगच दोन्ही डिस्क जोडल्या. बटण इर्माने दाबले. डिस्क गुणगुणू लागल्या. पडद्यावर शनिवारांची रांग उभी राहिली, आणि त्याने त्यांतला एक उघडला.

अकॉर्डियन घुमले. फळ्यांवर पावले आपटू लागली. त्या गलक्यात माइकच्या अगदी जवळ एक तरुण मुलगी करवादली, "अहो, तो माझा पाय आहे."

कालेर्वोने आवाज वाढवला. इर्माचा आवाज ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

इर्माने त्याच्या हातातला मीटर काढून घेतला आणि आपला हात पुढे केला.

"आता तरी डावा पाय आधी," ती म्हणाली.